सिम्युलेशनचा पहिला तास: फासे आधी, सूत्र आधी की कोड आधी?

खडूफळा

दुसऱ्या वर्षाचा 'सिम्युलेशनची ओळख' (म्हणजे योगायोगाचा प्रयोग संगणकावर पुन्हा पुन्हा करून उत्तर काढणं) हा पेपर या सत्रापासून माझ्याकडे आला आहे. प्रोग्रॅमिंगची भाषा आर. मुलं संगणकवाली नाहीत. संख्याशास्त्राची, अर्थशास्त्राची आणि थोडी जीवशास्त्राची. बहुतेकांनी याआधी प्रोग्रॅम म्हणून काही लिहिलेलं नाही.

अडचण अशी आहे. मी फळ्यावर कोड लिहिते, मुलं तो जसाच्या तसा उतरवून चालवतात, उत्तर येतं, सगळे खूश. दोन फाशांची बेरीज सात येण्याची संभाव्यता एकाकडे ०.१६८ येते, शेजारणीकडे ०.१६३. लगेच प्रश्न येतो, "मॅडम, बरोबर कुणाचं?" मी उलट विचारते, दहा हजार वेळा काय केलंत? त्यातलं 'एकदा' म्हणजे नेमकं काय? वर्ग चिडीचूप. एखादा स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवतो आणि माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

पहिल्या दोन-तीन तासांत काय करावं? खरे फासे हातात द्यावेत? आधी संभाव्यतेची सूत्रं घटवून घ्यावीत? की कोडातच ढकलून द्यावं? माझा कल सूत्रं नंतर याकडे आहे. विभागातल्या ज्येष्ठांना ते बिलकूल पटत नाही. ज्यांनी शिकवलंय किंवा शिकलंय त्यांनी लिहा.

लघुगणक

तुमच्या ज्येष्ठांशी सहमत. सूत्र आधी. ज्याचं उत्तर ठाऊक नाही त्याचं सिम्युलेशन बरोबर झालं की चुकलं हे मुलांनी कशावरून ठरवायचं? १/६ म्हणजे ०.१६६७ हे माहीत असेल तरच ०.१६८ ला 'जवळ' म्हणता येतं.

तिसरी_घंटा

+१

निरुपयोगी

-१. उत्तर ठाऊकच असेल तर दहा हजार वेळा फासे टाकायची हौस कुणाला?

जुना_फोरट्रानवाला

निरुपयोगींनी नावाला न शोभणारा मुद्दा मांडलाय. या पद्धतीचा जन्मच मुळी सूत्राचा कंटाळा आला म्हणून झाला. १९४६ साली गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम आजारपणातून उठत होते आणि वेळ घालवायला पत्त्यांचा पेशन्स लावत होते. डाव सुटण्याची संभाव्यता किती, हे मोजणीच्या गणिताने काढता काढता दमले आणि त्यांच्या डोक्यात आलं की सरळ शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजलं तर? ही कल्पना त्यांनी जॉन फॉन न्यूमन यांच्या कानावर घातली आणि ती न्यूट्रॉनांच्या हिशोबात गेली. याच पद्धतीवरचा मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा 'माँटे कार्लो पद्धत' हा निबंध १९४९चा.

त्याच्याही आधीचं सांगतो. १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेटने (लहान नमुन्यांसाठीचं) टी-वितरण मांडलं, तेव्हा ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी कार्डांवर लिहून, कार्डं पिसून, चार-चारचे ७५० नमुने काढले होते. संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही. हे सिम्युलेशन नाही तर काय?

लघुगणक

उलाम आणि न्यूमन यांना सूत्रं येत होती हो फोरट्रानवाले. आणि गॉसेटने कार्डं आधी पिसली असली, तरी शोधत होता तो सूत्रच, आणि शेवटी त्याच नमुन्यांवर ते पडताळलं. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडतंय. आभार. (ह. घ्या.)

जुना_फोरट्रानवाला

घेतलं हलके. पण अर्धंच.

कुतूहलिनी

खडूफळाताई, मी असाच वर्ग घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फासे द्या, पण फक्त पहिल्या तासाला. आणि प्रश्न दोन फाशांचा नको, तीन फाशांचा घ्या: बेरीज ९ जास्त वेळा येते की १०? हा जुगाऱ्यांचा जुना प्रश्न, गॅलिलिओने सोडवलेला. गंमत अशी की ९ ची बेरीज सहा प्रकारे होते (१-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३) आणि १० चीही सहाच प्रकारे. मुलं वहीत हे मांडतात आणि ठामपणे सांगतात की दोन्ही सारखे. मग फासे टाकायला लावते. कुणाकडे ९ पुढे, कुणाकडे १०. काहीच ठरत नाही. तास संपतो आणि मुलं वैतागलेली असतात. मला तो वैताग हवा असतो.

दुसऱ्या तासाला संगणक. प्रत्येकाने हजार वेळा टाकायचे. तरी निकाल लागत नाही! खरी संभाव्यता ९ साठी २५/२१६ आणि १० साठी २७/२१६ आहे. फरक ०.००९३. हजार टाकींत त्या फरकाचीच प्रमाण त्रुटी (नशिबाने होणारी वरखाली) ०.०१५५ च्या आसपास, म्हणजे साधारण चौघांत एकाकडे ९ पुढे दिसणारच. दहा हजारांवर गेलात की असा एखादाच उरतो. एक लाखावर सगळा वर्ग एका सुरात १० म्हणतो. आता "बरोबर कुणाचं?" हा प्रश्न मुलं मला विचारत नाहीत, एकमेकांना विचारतात, "तू किती वेळा टाकलेस?"

त्यानंतर सूत्र. ३-३-३ एकाच प्रकारे पडतो, २-३-४ सहा प्रकारे, हे फळ्यावर मांडलं की वर्गातून 'अरेच्चा' ऐकू येतं. सूत्र आधी सांगितलं असतं तर ते ऐकू आलं नसतं, हे माझं मत. लघुगणकसरांनी रागावू नये.

लघुगणक

रागावलो नाही. उदाहरण चोख आहे. पण लक्षात घ्या, तुम्ही सुद्धा शेवटी सूत्राकडेच आलात.

खडूफळा

कुतूहलिनी, हे फारच उपयोगी आहे, पुढच्याच तासाला करते. पण माझी कोडाची अडचण उरतेच. तुम्ही फॉर-लूप (त्याच ओळी मोजून पुन्हा पुन्हा फिरवणं) आधी शिकवता की रेप्लिकेट (एक काम हवं तितक्या वेळा करणारं आरचं तयार फंक्शन)? माझी मुलं लूपमध्ये 'आय' म्हणजे काय यावरच अडकतात.

घासूगुरुजी

लूप की रेप्लिकेट हा वाद दुय्यम आहे. आधी एक प्रयोग लिहून घ्या. फक्त एक. 'एकदा' नावाचं फंक्शन, आत दोनच ओळी. वाढदिवसाचं उदाहरण घ्या: २३ माणसांत किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो का?

पहिली ओळ: दिवस = सॅम्पल(३६५, २३, रिप्लेस = ट्रू)
दुसरी ओळ: एनी(डुप्लिकेटेड(दिवस))

बस. ३६५ दिवसांतून २३ काढले, एकदा निघालेला पुन्हा निघू शकतो (रिप्लेस = ट्रू), मग कुठला दिवस दोनदा आला का ते पाहिलं. आता लूप नाही, रेप्लिकेट नाही, काही नाही. 'एकदा()' असं हाताने टाइप करून एंटर मारायचं. ट्रू. पुन्हा. फॉल्स. पुन्हा. फॉल्स. ट्रू. प्रत्येकाने वहीत रेघा मारून मोजायचं. थोड्या वेळाने बोटं दुखायला लागतात आणि कुणीतरी विचारतंच, "सर, हे आपोआप करता येत नाही का?" त्या क्षणी रेप्लिकेट(१००००, एकदा()) दाखवा. मीन काढला की ०.५०७ च्या आसपास. ट्रू म्हणजे १ आणि फॉल्स म्हणजे ०, म्हणून सरासरी हेच प्रमाण, हे मात्र वेगळं समजवावं लागतं. ते कुणालाच आपसूक कळत नाही.

तुमच्या "एकदा म्हणजे काय" या प्रश्नाचं उत्तर मग स्क्रीनवरच असतं. फंक्शनचं नाव मराठीतच ठेवा, आर काही म्हणत नाही.

तिसरी_घंटा

रिप्लेस = ट्रू विसरलं तर?

घासूगुरुजी

तर कधीच कुणाचा वाढदिवस जुळत नाही, दहा हजार फॉल्स येतात, आणि वर्ग अतिशय गंभीर चेहऱ्याने संभाव्यता शून्य आहे असं लिहून देतो. म्हणून मी चालवण्याआधी अंदाज लिहून घेतो. पेनाने, खोडरबर चालत नाही. ज्याने अंदाजात ०.१ लिहिलंय आणि उत्तर शून्य आलंय, तो निदान एकदा कोडाकडे वळून बघतो.

जुना_फोरट्रानवाला

रेप्लिकेट वगैरे ठीक, पण आरमध्ये खरी मजा व्हेक्टरची (आकड्यांच्या अख्ख्या यादीवर एकदम काम करण्याची). २३ गुणिले दहा हजारांचं मॅट्रिक्स एका झटक्यात भरा आणि स्तंभागणिक तपासा. मुलांना पहिल्यापासून चांगली सवय लागू दे.

घासूगुरुजी

नाही पटत. मॅट्रिक्समध्ये 'एकदा' हरवतो. स्तंभ म्हणजे एक प्रयोग हे तुमच्या डोक्यात आहे, मुलाच्या डोक्यात तो नुसता आकड्यांचा ढीग. वेग तिसऱ्या महिन्यात शिकवा. दहा हजार वाढदिवस रेप्लिकेटनेही बघता बघता होतात.

एक सवय मात्र लूपवाल्यांना पहिल्याच दिवशी लावावी: उत्तरांची रिकामी जागा आधी करून ठेवायची. निकाल = न्यूमेरिक(१००००) आणि मग भरत जायचं. दर फेरीला सी() ने शेपूट जोडत गेलं की आर दर वेळी अख्खी यादी नव्याने लिहून काढतं. दहा हजाराला निभावतं, दहा लाखाला यंत्र बसतं आणि दोष भाषेला जातो.

वर्तुळाकार

पण आरच का? आता सगळीकडे पायथन चालतंय. मुलांना नोकरीत तेच लागेल.

निरुपयोगी

आला. मी वाटच बघत होतो की हा प्रश्न कितव्या प्रतिसादात येतो.

कुतूहलिनी

वर्तुळाकार, पायथनमध्येही हे सगळं होतं, नमपाय या त्याच्या आकडेमोडीच्या पॅकेजने छान होतं. आरचा फायदा एवढाच की पहिल्या ओळीपासून सॅम्पल, आरनॉर्म, हिस्ट हाताशी असतात; काही आयात करावं लागत नाही. मुळात ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ही भाषा उभी केली ती शिकवण्याची गरज डोळ्यांसमोर ठेवूनच. आवृत्ती १.० आली २९ फेब्रुवारी २०००ला.

निरुपयोगी

म्हणजे घासूगुरुजींच्या ३६५ दिवसांत आरचाच वाढदिवस बसत नाही.

घासूगुरुजी

:) हा प्रश्न उद्या गृहपाठाला. ३६६वा दिवस चौथाईच्या वजनाने घ्या आणि सांगा उत्तर किती हलतं. (जवळपास नाहीच.)

मधली_सुट्टी

मी शिक्षिका नाही, असाच पेपर शिकलेली विद्यार्थिनी आहे. विद्यार्थ्यांच्या बाकावरून सांगते. आम्हाला सगळ्यात छळलं ते सेट-सीडने (रँडम आकडे कुठून सुरू करायचे ते ठरवणारी आज्ञा; सीड तोच तर आकडे तेच). पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की पहिली ओळ सेट-सीड(१२३), का ते विचारू नका. सगळ्या वर्गाचं उत्तर तंतोतंत सारखं. मला सत्र संपेपर्यंत वाटायचं की ते एकच उत्तर 'खरं' आणि सीड विसरलं की चुकतं.

खडूफळा

मधली_सुट्टी, हे फार महत्त्वाचं सांगितलंस. माझ्याकडे उलटं झालंय. मी सेट-सीड दिलं तरी लॅबमधल्या निम्म्या यंत्रांवर वेगळी उत्तरं येतात! कोड तोच, सीड तोच. मुलं माझ्याकडे संशयाने बघतात.

जुना_फोरट्रानवाला

यंत्रांवरच्या आरच्या आवृत्त्या तपासा. २०१९ साली ३.६.० आलं तेव्हा सॅम्पलची आतली रीत बदलली. आधीची 'राउंडिंग' पद्धत मोठ्या संख्यांवर किंचित तिरकी पडायची, म्हणून 'रिजेक्शन' आणली. त्यामुळे जुन्या आणि नव्या आवृत्तीत त्याच सीडला सॅम्पल वेगळं देतं. आरयुनिफ (० ते १ मधला रँडम आकडा देणारं) मात्र तेच देतं, कारण खालचा, रँडम आकडे बनवणारा मर्सेन ट्विस्टर बदललेला नाही. त्याचा फेरा २ चा १९९३७वा घात वजा १ इतका लांब, तेव्हा आकडे पुन्हा यायला लागतील ही काळजी वर्गातल्या कुणीही करू नये. तात्पुरता उपाय म्हणजे नव्या यंत्रांवर आरएनजीकाइंडमध्ये सॅम्पल-काइंड 'राउंडिंग' द्या. इशारा येईल, येऊ दे. खरा उपाय म्हणजे सगळीकडे नवी आवृत्ती.

खडूफळा

अगदी तेच निघालं! मागच्या रांगेतली सगळी यंत्रं जुनी. दंडवत.

लघुगणक

सीडचा विषय निघालाच आहे तर एक काळी बाजू. परीक्षेत π काढायला दिला की काही बहाद्दर ३.१४ येईपर्यंत सीड बदलत बसतात. चौरसात टाकलेल्या दहा हजार बिंदूंतून (आतल्या वर्तुळात किती पडले ते मोजून) π काढला तर प्रमाण त्रुटी ०.०१६ असते. म्हणजे ३.१२ किंवा ३.१६ हे अगदी प्रामाणिक उत्तर आहे. ३.१४१६ आलं की मला वास येतो.

याचे आद्य गुरू म्हणजे लाझारिनी. बुफाँच्या सुईच्या प्रयोगात (समांतर रेषांवर सुई टाका, किती वेळा रेष ओलांडते ते मोजा) १९०१ साली त्याने ३४०८ वेळा सुई टाकल्याचं सांगितलं आणि π आला ३.१४१५९२९, सहा दशांश स्थळं बरोबर! सुईची लांबी रेषांमधल्या अंतराच्या ५/६. आता हिशोब करा: π ≈ ५ × टाकी ÷ (३ × छेद). २१३ टाकींत ११३ छेद पडले तर बरोबर ३५५/११३ येतो, आणि ३५५/११३ हा π चा प्रसिद्ध जुना अपूर्णांक. ३४०८ म्हणजे २१३ × १६. छेद १८०८, म्हणजे ११३ × १६. एक छेद कमी पडला असता तर उत्तर ३.१४३३. इतक्या टाकींना साधारण ०.०५ ची चूक अपेक्षित असते. आता सांगा, हा थांबला कुठे आणि का?

मी हे वर्गात सांगतो आणि मग विचारतो, "तुमचा सीड कोणता होता?" दोघं-तिघं खाली बघतात.

निरुपयोगी

लघुगणकांच्या या प्रतिसादासाठी अख्खा धागा माफ.

कुतूहलिनी

सुंदर. मधली_सुट्टीच्या त्रासावर माझा उपाय: पहिले काही तास सीड अजिबात नाही. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलंच पाहिजे. सगळ्यांची उत्तरं फळ्यावर घ्यायची आणि त्यांचाच हिस्टोग्राम काढायचा. प्रमाण त्रुटी नावाची जी गोष्ट पुस्तकात सूत्र म्हणून भेटते ती इथे वर्गाच्या रुंदीएवढी दिसते. टाकी चौपट केल्या की तो डोंगर निम्म्या रुंदीचा होतो, आणि एक दशांश स्थळ जास्त हवं तर शंभरपट मेहनत. सीड नंतर, तोही "माझ्या यंत्रावर चूक येते, तुमच्यावर का नाही" हे शोधायचं हत्यार म्हणून.

तिसरी_घंटा

मी एवढा वेळ +१ करत होतो, आता जरा लिहितो. आमच्या सरांनी पहिल्या तासाला वर्गाचे दोन भाग केले. एका भागाने खरं नाणं २०० वेळा उडवून छापा-काटा लिहायचा, दुसऱ्याने मनाने २०० लिहायचे. सर बाहेर. आत आल्यावर कागद बघून खरे कुठले आणि बनावट कुठले ते पटापट सांगत सुटले. आम्ही अवाक. युक्ती इतकीच की २०० टाकींत सलग सहा किंवा जास्त एकसारखे येण्याची संभाव्यता ९५ टक्क्यांच्या वर आहे, आणि मनाने लिहिणारा चारानंतर घाबरून बदलतो. नंतर ते आम्हीच सिम्युलेट करून पाहिलं, आरमधल्या आरएलई फंक्शनने सलग लांब्या मिळतात. रँडम म्हणजे 'नीट मिसळलेलं' नव्हे, हे तेव्हा डोक्यात गेलं ते गेलं.

जुना_फोरट्रानवाला

त्याला जोडून: रँडम दिसणारं सगळं रँडम नसतं, हेही दाखवा. आरमध्ये 'रँडू' नावाचा डेटा आयताच आहे. १९६०च्या दशकात सर्रास वापरलेला, रँडम आकडे बनवणारा जनक, दर वेळी ६५५३९ ने गुणून २ च्या ३१व्या घाताने भागायचं, बाकी घ्यायची. दोन-दोनचा आलेख काढा, स्वच्छ धुरळा दिसतो. तीन-तीनचा काढून हळूहळू फिरवा, एका कोनात सगळा धुरळा १५ सपाट पातळ्यांवर बसलेला दिसतो. त्या जनकावर लोकांनी खऱ्या कामाची सिम्युलेशनं केली होती.

वर्तुळाकार

पायथनचा मुद्दा कुणी फार मनावर घेतला नाही, असो. पण आर किंवा पायथन तरी हवंच कशाला? स्प्रेडशीटमध्ये रँड आहे, एफ-नाइन दाबलं की नवं उत्तर. मुलांना आकडे हलताना दिसतात.

घासूगुरुजी

हे मात्र मान्य. एक ओळ म्हणजे एक प्रयोग, एवढं स्वच्छ कुठेच दिसत नाही. पण प्रयोगालाच पन्नास पायऱ्या असल्या, म्हणजे रांग वगैरे, की स्प्रेडशीट कोलमडते.

वर्तुळाकार

उलट! रांग तर स्प्रेडशीटमध्ये झकास होते. दर ओळ वरच्या ओळीवर अवलंबून: माझी वाट बघणं = पुढच्या माणसाचं वाट बघणं + त्याला खिडकीवर लागलेला वेळ − आमच्या येण्यातलं अंतर; ऋण आलं तर शून्य. एक सूत्र लिहा आणि खाली ओढा.

कुतूहलिनी

बरोबर आहे वर्तुळाकारांचं. हे लिंडलीचं समीकरण, १९५२चं. आणि रांगेइतकं धक्का देणारं उदाहरण नाही. सरासरी ५ मिनिटांनी एक माणूस येतो, खिडकीवर सरासरी ४ मिनिटं लागतात, दोन्ही वेळा घातांकी वितरणाच्या (बऱ्याचशा छोट्या, थोड्या खूप मोठ्या). वाट किती बघावी लागेल? वर्ग म्हणतो फारशी नाही, खिडकीला एक मिनिट फुरसत आहे की. उत्तर सरासरी १६ मिनिटं. खिडकीचा वेळ ४ चा ४.५ केला तर? ४०.५ मिनिटं! इथे लघुगणकसरांचं सूत्रही आहे, त्यामुळे पडताळताही येतं.

आणि नेमका इथेच आरचा खड्डा: आरएक्स्पला सरासरी नाही, दर द्यावा लागतो. ५ मिनिटांची सरासरी हवी तर १/५. मुलं थेट ५ लिहितात आणि दर १२ सेकंदाला एक माणूस येतो. तसंच आरनॉर्मला प्रचरण नाही, प्रमाण विचलन. म्हणून नियम: काहीही सिम्युलेट करण्याआधी कच्च्या आकड्यांची सरासरी छापा आणि डोळ्यांनी बघा.

लघुगणक

भर घालतो. रांगेत पहिला माणूस रिकाम्या खिडकीवर येतो, त्यामुळे सुरुवातीची माणसं कमी थांबतात आणि सरासरी खाली ओढतात. सुरुवातीचा भाग टाकून द्यावा लागतो. शिवाय लागोपाठच्या माणसांचं थांबणं एकमेकांत गुंतलेलं असतं, तेव्हा फाशांवर शिकलेलं प्रमाण त्रुटीचं सूत्र इथे जसंच्या तसं लावलं तर खोटा आत्मविश्वास येतो. पहिल्या पेपरात एवढं पुरे, पण कानावर घालावं.

निरुपयोगी

माझं एक कोडं. एक मीटरची काठी दोन ठिकाणी रँडम तोडली. तीन तुकड्यांचा त्रिकोण होण्याची संभाव्यता? सूत्रवाल्यांनी गप्प बसायचं. सिम्युलेट करून उत्तर द्या.

मधली_सुट्टी

०.२५०. एक लाख वेळा.

तिसरी_घंटा

माझं ०.१९३ येतंय. मीही एक लाख वेळाच केलं. इतका फरक नशिबाने येणार नाही ना?

मधली_सुट्टी

नाही येणार, प्रमाण त्रुटी ०.००१४ च्या आतच आहे. कोड दाखव.

तिसरी_घंटा

आधी एका रँडम जागी तोडली. मग दोन तुकड्यांपैकी एक नाणं उडवून उचलला आणि तो रँडम जागी तोडला.

मधली_सुट्टी

मी आरयुनिफ(२) ने दोन्ही खुणा आधीच केल्या, मग तोडली.

वर्तुळाकार

मी स्प्रेडशीटमध्ये दुसऱ्या वेळी नेहमी मोठाच तुकडा तोडला, कारण छोटा तोडून त्रिकोण होतच नाही. मला ०.३८६.

निरुपयोगी

तिघंही बरोबर. मी 'रँडम' म्हटलं, कसं ते सांगितलं नव्हतं.

लघुगणक

कबूल करतो की इथे आधी सूत्र दिलं असतं तर तिघांनीही १/४ लिहून विषय मिटवला असता. (नाणं उडवलं तर नैसर्गिक लॉग २ वजा अर्धा, मोठा तुकडा तोडला तर त्याच्या दुप्पट. आता बोलू द्या ना.)

घासूगुरुजी

खडूफळाताई, तुमचा मूळ प्रश्न इथे येऊन बसला बघा. तिघांचे 'एकदा' वेगळे होते. मी तर हे कोडं दुसऱ्याच तासाला घेईन, आणि प्रत्येकाकडून आधी साध्या मराठी वाक्यांत लिहून घेईन: पहिल्यांदा काय करतो, मग काय करतो, शेवटी होय किंवा नाही कशावरून ठरवतो. तो परिच्छेद तपासल्याशिवाय कीबोर्डला हात नाही. आजकाल कोड एआयकडून मागून आणतात, आणू देत. परिच्छेद आणि कोड जुळतात का, हे तोंडी परीक्षेत विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

खडूफळा

हे मनापासून पटलं. तर आता असं ठरवते: पहिल्या तासाला तीन फासे आणि वैताग. दुसऱ्या तासाला 'एकदा()' आणि बोटदुखी, सीड नाही. तिसऱ्याला काठी, परिच्छेदासकट, गटांना वेगवेगळं तोडायला न सांगता. सूत्रं त्यानंतरच्या आठवड्यात. ज्येष्ठांना लाझारिनी सांगून गप्प करीन.

एक शंका राहिली. काल एका मुलीने पत्ते एकेक करून काढण्याचं सिम्युलेशन केलं: व्हेक्टरमधून सॅम्पलने एक काढायचा, तो वगळायचा, पुन्हा काढायचा. सगळं नीट चालतं, पण शेवटच्या पत्त्याला अधूनमधून भलताच आकडा येतो, आधी काढून झालेलासुद्धा. कोड मी ओळ न् ओळ पाहिला, चूक दिसत नाही.

जुना_फोरट्रानवाला

तिची चूक नाही. सॅम्पलला एकच संख्या उरलेला व्हेक्टर दिला, समजा ७, तर ते '७ मधून निवड' असं समजत नाही, '१ ते ७ मधून निवड' असं समजतं. आरच्या मदतपानावर याचा इशारा आहे, कुणी वाचत नाही. व्हेक्टरऐवजी जागेचा क्रमांक निवडायला सांगा: पत्ते[सॅम्पल-इंट(लेन्थ(पत्ते), १)]. मग एक उरला तरी चालतं.

मधली_सुट्टी

अधूनमधूनच का पण? दर वेळी का नाही?

जुना_फोरट्रानवाला

शेवटी १ उरला तर १ ते १ मधून १च येणार. २ उरला तर निम्म्या वेळा बरोबर. ५२ उरला तर जवळपास नेहमीच चूक. एकूण किती टक्के वेळा चुकेल ते आता तूच सिम्युलेट कर.

लघुगणक

किंवा सूत्राने काढ.